पडून राहिलेला शब्द

शिवी अंगाला चिकटत नाही, असं वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत माझं ठाम मत होतं. मत कसलं, अनुभवच होता. ब्रह्मपुरीपासून चार कोसांवर आमचं गाव. घरची धानाची शेती, आणि वडिलांचं तोंड असं की चिखलणीच्या दिवसांत ते तीन बांध्यांपलीकडे ऐकू जायचं. बैलांना ते ज्या शिव्या देत, त्याच आम्हा भावांना देत. बैल संध्याकाळी त्यांचा हात चाटायचे आणि आम्हीही त्यांच्याच शेजारी बसून पोटभर जेवायचो. रोवणीला येणाऱ्या बाया तर बांधावरून जाणाऱ्या परक्या माणसाची अशी काही टर उडवायच्या, की बिचारा धोतराचा सोगा सावरत पळत सुटायचा. कोणी काही मनावर घेत नसे. शिवी म्हणजे तोंडातला वारा, आला आणि गेला, हे बाळकडूच मला मिळालं होतं.

त्या सगळ्या शिव्यांत आमच्या घरचा एक खास शब्द होता. वैनगंगेपलीकडच्या जंगलात राहणाऱ्या लोकांच्या जातीचं नाव आणि त्याला जोडून एका जनावराचं नाव, एवढाच तो. माझा पाढा अडला की तो शब्द. भावाने बैल भलतीकडे वळवले की तो शब्द. आईने भाजीत दोनदा मीठ घातलं तेव्हा वडील हसत हसत तिलाही तोच शब्द म्हणाले होते, आणि आई पदर तोंडाला लावून हसली होती. मी स्वतः तो शब्द हजारदा ऐकला असेल, माझ्याचसाठी वापरलेला. त्याने माझी भूक कधी कमी झाली नाही की झोप उडाली नाही. तो शब्द मी इथे लिहिणार नाही. सभ्यपणा म्हणून नव्हे. माझी जीभ आजही तिखटच आहे, घरातले लोक सांगतील. कारण वेगळं आहे आणि ते सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात मोडत होतो. सातवी होऊन, मास्तरकीचं शिक्षण घेऊन मी नोकरीला लागलो आणि पहिलीच नेमणूक मिळाली ती नदीपलीकडे, आरमोरीच्याही पुढे, जंगलातल्या एका गावात. आरमोरीपर्यंत गाडीने जायचं आणि तिथून सामान डोक्यावर घेऊन पायी. गाव सगळं गोंडांचं, चाळीस-एक घरांचं. जंगल खात्याच्या कामाला जायचं, थोडं धान पिकवायचं, मोहफुलं, चारोळी, तेंदूपानं गोळा करायची, असा त्यांचा संसार. शाळा म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर. एकच वर्ग आणि एकच मास्तर, तो मी. पटावर बावीस नावं होती आणि पहिल्या दिवशी आली पाच पोरं. ती दारातूनच मला बघून परत गेली.

गावाने मला सांभाळलं, हे आधी सांगायला हवं. माझा माठ कधी रिकामा राहिला नाही. एक बाई पहाटे मोह वेचायला जाण्याआधी तो भरून ठेवायची. भाजी, अंडी, मध, कधी काय दारात ठेवलेलं असायचं. मी कोणाला मागितलं नव्हतं आणि बदल्यात कोणी काही मागितलं नाही.

श्रावणात एक माणूस आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन शाळेत आला. चाळिशीचा, उंच, कुऱ्हाड धरून धरून तळहात खरबरीत झालेले. मुलीला त्याने तरटावर बसवलं. मला वाटलं, आता जाईल. तर तो मागच्या कुडाला टेकून स्वतःही बसला. पोरं खिदळायला लागली. मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, की त्यालाही शिकायचं आहे. मागच्या वर्षी नाकेदाराने, म्हणजे जंगलाच्या शिपायाने, कागद वाचून दाखवला होता, की टेकडीकडच्या मोहाला हात लावायचा नाही. गावाने लावला नाही. नवा नाकेदार आला तो म्हणाला, असं कुठे लिहिलंच नाही. मोहाचा एक अख्खा हंगाम गावाने गमावला होता.

"नाकेदार कागद वाचते अन् आमी मान हालवतो," तो म्हणाला. "कागद काय म्हन्ते ते मले सोताच पाहाचं हाय जी."

मी हो म्हटलं. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. शाळेत मी सगळ्यांना अरे-तुरे करायचो, त्याला मात्र अहो-जाहो. त्याला त्याचं फार कौतुक वाटायचं असं नाही, पण मला वाटायचं. आपण किती मोठ्या मनाचे आहोत, असं मनातल्या मनात मी स्वतःच्या पाठीवर थोपटून घ्यायचो.

त्याची शिकण्याची तऱ्हा त्याची स्वतःची होती. पाटीवर लिहिलेलं पुसलं जातं हे त्याला पटत नसे. मी एखादं अक्षर शिकवलं की तो घरी जाऊन बांबूची कांब तासायचा, तिच्यावर चाकूने ते अक्षर कोरायचा आणि कांब दाराच्या चौकटीला बांधायचा. वर्षाअखेर त्याच्या दारात सगळी बाराखडी लटकत होती. वाऱ्यावर कांबा एकमेकींवर आपटून आवाज करायच्या आणि येणारे-जाणारे विचारायचे, हे काय देवाला बांधलंय का? त्याच्या मुलीने तर अर्धी अक्षरं शाळेत न शिकता दारात उभी राहूनच ओळखली. तिला शिकवण्याचं श्रेय मी घेतलं, ते सोडा.

त्याची वाचायची पद्धतही वेगळी होती. तो ओळ आधी मनात वाचायचा. ओठ हलायचे, बोट अक्षरावरून सरकायचं, पण आवाज नाही. ओळ संपेपर्यंत थांबायचा आणि मग सगळी ओळ एका दमात, न अडखळता, मोठ्याने म्हणायचा. सुरुवातीला मी कंटाळायचो, मग सवय झाली. पोरांनाही झाली. भाऊ वाचायला लागला की वर्ग गप्प बसून वाट बघायचा आणि ओळ बाहेर आली की पोरं आपोआप हुंकार द्यायची. आज इतक्या वर्षांनंतर ही गोष्ट लिहिताना माझा हात थांबतो, कारण त्याला वेळ लागतो हे त्या वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि सगळ्यात जास्त मला.

तो सही करायला शिकला त्या दिवशी त्याने मला विचारलं, की हजेरीच्या वहीत त्याचं नाव घालता येईल का. मोठ्या माणसाचं नाव पटावर घालता येत नव्हतं. मी वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने त्याचं नाव लिहिलं. रोज सकाळी पोरांची हजेरी झाली की मी पान उलटून त्याचं नाव घ्यायचो आणि तो मागून म्हणायचा, "हाजर जी." त्याची मुलगी मान वळवून त्याच्याकडे बघून हसायची. असं वर्षभर चाललं.

याच काळात मी त्या गावाची एक रीत पाहिली. दोन सख्ख्या भावांचं भांडण झालं होतं आणि धाकटा थोरल्याला काही वाईट बोलला होता. त्यासाठी मोहाच्या झाडाखाली गावाची बैठक बसली. मी गंमत म्हणून गेलो होतो. आमच्या घरी शिवीसाठी बैठक बसवायची म्हटली असती तर शेती कोणी केली असती? मधोमध गावचा भूमिया बसला होता. भूमिया म्हणजे गावाच्या देवाचं बघणारा आणि न्यायनिवाडा करणारा म्हातारा. शिवी ऐकणारे चार साक्षीदार होते, पण त्यांतला एकही तो शब्द तोंडाने सांगेना. सगळे म्हणत, तो वाईट बोलला. भूमियाने त्यांना आग्रहही केला नाही. त्याने धाकट्याला उभं केलं आणि म्हणाला, जे बोललास ते तसंच्या तसं पुन्हा बोल, भावाच्या तोंडासमोर, सगळ्यांच्या देखत.

रागात जे एका दमात बोलून गेला होता, ते उभं राहून बोलायला त्या पोरगेल्या माणसाला किती वेळ लागला. घाम फुटला, आवाज फाटला. शेवटी बोलला आणि मटकन खाली बसला. मग त्याने गावाला जेवण द्यायचं, दोघा भावांनी एका पत्रावळीवर जेवायचं, आणि त्यानंतर त्या शब्दाचं नाव कोणी काढायचं नाही. तिसऱ्या दिवशी दोघे एकत्र मोहाच्या टोपल्या उचलताना मला दिसले. मी भूमियाला हसत विचारलं, एकदा बोललेला वाईट शब्द पुन्हा बोलायला कशाला लावता?

"जो बोलला, त्यानंच तो पुन्ना उचलून घ्या लागते जी," तो म्हणाला. "नाई उचलला त तिथीच पडून राह्यते."

मी मनातल्या मनात हसलो. शब्द काय धोंडा आहे, पडून राहायला?

दुसऱ्या वर्षी माघात निरोप आला, की शाळा तपासायला साहेब येणार. मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. साहेबाच्या एका शेऱ्यावर ते ठरणार होतं. मी शाळा सारवून घेतली, पोरांना आंघोळ करून यायला सांगितलं, आणि हजेरीच्या वहीचं शेवटचं पान काढून रबराने भाऊचं नाव पुसलं. तो समोर बसला होता की नव्हता ते आठवत नाही. मला वाटतं, बसला होता. त्या दिवशी शाळेत येऊ नका, असं त्याला सांगायला मी धजलो नाही. तो आपण होऊन येणार नाही, अशी आशा केली.

तो आला. धुतलेलं धोतर नेसून, रोजच्या जागी बसला. साहेब माणूस तसा वाईट नव्हता. पोरांना दोन-चार प्रश्न विचारले, भाऊच्या मुलीने घडाघडा वाचलेलं ऐकून खूश झाला. मग त्याची नजर मागे गेली.

"काय मास्तर, बाप लोकांनाही भरती केलंय का?" असं म्हणून तो हसला आणि दुसरीचं पुस्तक उघडून त्याने भाऊच्या हातात दिलं. म्हणाला, वाचा बघू.

भाऊ उभा राहिला. दोन्ही हातांत पुस्तक धरलं. ओठ हलायला लागले. वर्ग नेहमीसारखा गप्प झाला. साहेब वाट बघत होता, मी साहेबाच्या तोंडाकडे बघत होतो. मला तो वेळ एवढा लांब वाटला की सांगता सोय नाही. साहेबाने घड्याळ पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, जरा थांबा, यांची पद्धत अशी आहे. एवढं वाक्य. ते माझ्या तोंडात आलंच नाही. आलं ते वडिलांचं तोंड. घरी पाढा अडला की जो शब्द यायचा तो आला, त्याच सुरात, तसाच खणखणीत. भाऊ म्हणायचं मी दीड वर्षात एकदाही विसरलो नव्हतो, त्या दिवशी विसरलो.

साहेब हसला. मोठ्याने नाही, पण हसला.

भाऊचे ओठ थांबले. त्याचं बोट ओळीवर कुठे होतं ते मी पाहिलं. शेवटून दुसऱ्या शब्दावर होतं. त्याने पुस्तक मिटलं, पुढे येऊन ते दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि परत जागेवर जाऊन बसला. साहेब जाईपर्यंत तो बसून राहिला. त्याची मुलगी पहिल्या ओळीत होती. तिने त्या दिवशी मान वळवून बापाकडे पाहिलं नाही. ती पाटीकडे बघत होती आणि पाटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

साहेबाने चांगला शेरा दिला. मी कायम झालो.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला नाही. मुलगी दोन दिवस आली, मग तीही नाही. आठवड्याभरात शाळेत चार पोरं उरली. मोहाचा हंगाम जवळ आला, जंगलात कामं सुरू झाली असतील, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. पण माठ रोज पहाटे भरलेला असायचा. दारात भाजी असायची. पाणी भरणं त्यांनी थांबवलं असतं तर मला राग तरी आला असता आणि बरं वाटलं असतं. तेवढीही सोय त्यांनी माझ्यासाठी ठेवली नाही.

बाजाराच्या दिवशी मी आरमोरीला गेलो. तिथे माझ्याबरोबर शिकलेला एक मास्तर होता. त्याला घडलेलं सगळं सांगितलं. अगदी पश्चात्तापाने सांगत होतो, हे मुद्दाम नोंदवतो. तो म्हणाला, अरे, शब्दात काय असतं, वापरणारा जसा तसा शब्द. तुझ्या मनात पाप नव्हतं ना? मग झालं. तू तुझ्या बापाकडून तो शब्द किती वेळा ऐकलास, तुला काय झालं? मलाही तेच ऐकायचं होतं. मग कसा सूर लागला होता हे दाखवण्यासाठी मी तो शब्द जसा बोललो होतो तसा पुन्हा बोलून दाखवला. शेजारी एक गोंड म्हातारी चारोळी विकायला बसली होती. तिने वर पाहिलं नाही. फक्त आपली टोपली ओढून घेतली आणि हातभर पलीकडे सरकून पाठमोरी बसली. माझ्या मनात पाप नव्हतं, पश्चात्ताप होता, पण तिला माझ्या मनाशी काय करायचं होतं? तिच्यापर्यंत शब्द पोचला, मन पोचलं नाही.

परतीच्या वाटेवर ते माझ्या डोक्यात शिरलं. शिरायला नऊ मैल लागले, एवढं माझं डोकं जड. घरी तो शब्द हजारदा मला बसला आणि काही झालं नाही, कारण तो माझा नव्हताच. वडील मला म्हणत होते, तू त्या लोकांसारखा आहेस. मी तसा नव्हतो, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, म्हणून तर हसायचं. सगळं हसणं त्या दुसऱ्या माणसाच्या जिवावर चाललं होतं, आणि तो माणूस आमच्या घरात कधी नव्हता म्हणून फावलं. तो आता माझ्या शाळेत कुडाला टेकून बसला होता. आमच्या तीन पिढ्यांचं हसणं मी त्याच्या मुलीच्या देखत त्याच्या पदरात टाकलं होतं.

त्याच आठवड्यात भूमियाने मला बैठकीला बोलावलं. मला सुटल्यासारखं वाटलं. रीत मला माहीत होती. उभं राहायचं, शब्द पुन्हा बोलायचा, घाम पुसायचा, गावाला जेवण द्यायचं आणि भाऊबरोबर एका पत्रावळीवर बसायचं. मी मनातल्या मनात तयारी करून गेलो.

मोहाच्या झाडाखाली सगळं गाव होतं. पुरुष पुढे, बाया मागे. बायांत भाऊची मुलगी आईला चिकटून बसली होती. भाऊ पहिल्या रांगेत, खाली बघत. भूमियाने आधी त्यालाच विचारलं, की शाळेत गुरुजी काय बोलले.

भाऊने मान वर केली नाही. ओठ हलत नव्हते.

"मले आयकू नाई आलं जी," तो म्हणाला. "माझं ध्यान पुस्तकात होतं."

भूमियाने माझ्याकडे पाहिलं. "तुमी सांगा गुरुजी. काय बोलले होते?"

मी उभा राहिलो. तो शब्द मी साहेबासमोर बोललो होतो, बाजारात बोललो होतो, जन्मभर ऐकला होता. तोच शब्द आता एका गावाच्या चाळीस घरांसमोर, ज्यांचा तो होता त्यांच्या तोंडासमोर बोलायचा होता. वाऱ्यासारखा वाटणारा शब्द घशातून वर येईना. आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. नोकरी नुकतीच कायम झाली होती, उद्या ही गोष्ट वर गेली तर काय, हेही मनात होतं. शिवाय भाऊने मला आयतीच वाट करून दिली होती. ज्याला बोललो त्याने ऐकलंच नाही, तर मी कशाला सांगायचं?

"काही नाई जी," मी म्हणालो. "आवाज चढला असंन, बस."

भूमिया माझ्याकडे बघत राहिला. त्याला सगळं माहीत होतं, पोरांनी घरोघरी सांगितलेलं होतं. तरी बैठकीत जे बोललं गेलं तेवढंच खरं धरायचं, ही त्यांची रीत.

"नाई बोलले त नाई बोलले," तो म्हणाला. "झालं."

लोक उठले. बायांनी टोपल्या उचलल्या. भाऊने माझ्याकडे पाहिलं, एकदाच. त्यात राग असता तर मी आज एवढं लिहिलं नसतं. तो वाट बघत होता, वर्ग जशी त्याच्या ओळीची वाट बघायचा तशी. मी नजर चुकवली.

पुष्कळ वर्षं मी असं मानत आलो, की त्याने मला वाचवलं. तसं मानणं सोयीचं होतं. आता वाटतं, तो शब्द मुलीच्या कानावर दुसऱ्यांदा पडू नये एवढंच त्याला हवं असेल. किंवा मी स्वतःहून उचलतो का, हे त्याला पाहायचं असेल. मी विचारलं नाही, म्हणून मला माहीत नाही.

पोरं दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायला लागली. भाऊची मुलगीही आली. पण मी वाचायला सांगितलं की ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची, मग पुस्तकाकडे. पूर्वी अशी बघत नसे. भाऊ मात्र परत आला नाही. वाटेत भेटला की राम राम करायचा, शाळेचं छप्पर गळायला लागलं तेव्हा न सांगता येऊन गवत घालून गेला. मी दोनदा त्याला म्हटलं, भाऊ, या की शाळेत. तो म्हणाला, कामं लई हायेत जी. पावसाळ्याच्या तोंडी मी त्याच्या घरावरून गेलो तर चौकट मोकळी होती. कोंबड्यांच्या खुराड्याला त्याने नवा कुड घातला होता, आणि त्या कुडात मला उलटा विणलेला क दिसला, मग आडवा म, मग अर्धा झाकलेला र. सगळी बाराखडी त्याने कुडात विणून टाकली होती. कोंबड्या तिच्यातून चोची बाहेर काढत होत्या.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. शाळा, पाट्या, पुस्तकं, तरटं सगळं ठीक ताब्यात दिलं, असा कागद करून त्यावर गावातल्या सात जणांच्या खुणा घ्यायच्या होत्या. सकाळची वेळ होती. मी शाळेच्या ओट्यावर बसलो, कागद मोठ्याने वाचून दाखवला, आणि गावाने माना हलवल्या. भूमियाने आधी अंगठा उठवला. मग एकेक जण आला. सातवा भाऊ. मी शाईची पेटी बाजूला सारली, टाक बुडवला आणि त्याच्यापुढे धरला.

"सही करा भाऊ," मी म्हणालो. "तुमाले येते."

त्याने टाक घेतला नाही. हात लांब करून शाईची पेटी आपल्याकडे ओढली.

"अंगठाच बरा हाय जी," तो म्हणाला. "अंगठ्याले कोनी वाचून दाखव म्हनत नाई."

आवाजात टोचणी नव्हती. तो मला समजावून सांगत होता. मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. बैठक नव्हती, साहेब नव्हता, नोकरीला धोका नव्हता. झाडाखाली जे बोललो नाही ते ओट्यावर बोलता आलं असतं. मी काय केलं? अंगठा पुसायला त्याला चिंधी दिली.

तो शब्द मी इथे का लिहीत नाही, ते आता सांगतो. तो एकदाच, एका ठिकाणी, एका माणसासमोर पुन्हा बोलायचा होता आणि तिथे मी तो गिळला. आता कागदावर तो लिहिण्यात कसली हिंमत? शब्दात मुळात जोर असतो का, यावर शिकलेली माणसं वाद घालतात, ते मी ऐकतो आणि गप्प बसतो. मला दुसरं काही कळत नाही. त्या कागदाची नक्कल माझ्या ट्रंकेत आहे, तिच्यावरही त्याच खुणा आहेत, आणि तिच्यावरची शाई आता तपकिरी पडली आहे. खाली सात अंगठे आहेत. त्यांतल्या सहा जणांना लिहिता येत नव्हतं.